सब्राताची वाळू

वाळूची गाडी आली की आमचा ठेकेदार आधी भिमामावशीला हाक मारायचा. ती डोक्यावरची चुंबळ सारखी करत यायची, चिमूटभर वाळू तळहातावर चोळायची, मातीचा डाग पडतो का बघायची आणि मग दोन-चार कण जिभेच्या शेंड्यावर ठेवायची. थुंकायची आणि म्हणायची, "खारी हाय. परत धाडा." खाऱ्या वाळूचा गिलावा वर्षाभरात फुगतो आणि पोपडे धरून खाली येतो, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. बहात्तरच्या दुष्काळात ती चांदवडकडून सोळा वर्षांच्या मुलाला घेऊन नाशकात आली, पंचवटीच्या मागच्या अंगाला आमच्या वसाहतीत तिनं पत्र्याची खोली घातली आणि बांधकामावर घमेली उचलायला लागली. ज्याच्यावर पोट, त्याची चव कळणारच.

हे मी आधी सांगून ठेवतो, कारण मी गवंडी आहे, आयुष्य वाळूत गेलंय, आणि तरीसुद्धा नेमक्या वेळी ही जीभ मी विसरलो. इतका शहाणा माणूस मी.

तिचा मुलगा सावळीराम माझ्याच हाताखाली तयार झाला. मी त्याच्याहून सहा वर्षांनी मोठा. त्याचा हात मात्र माझ्याहून साफ होता आणि हे मी त्याला कधी बोलून दाखवलं नाही. तो गिलावा करायचा तेव्हा भिंतीशी बोलायचा. "थांब जरा, थांब, घेतो तुला," असं काहीतरी. मी त्याला म्हणायचो, भिंतीऐवजी एखादी पोरगी बघ. तो म्हणायचा, "आईला पक्कं घर बांधतो, मग बघू."

ऐंशी साली मुंबईचा एक एजंट लिबियात जाण्यासाठी गवंडी शोधत नाशकात आला. त्यानं आमच्याकडून एकेक भिंत गिलावा करून घेतली, ओळंबा लावून पाहिला आणि दोघांनाही घेतलं. निघायच्या दिवशी भिमामावशी स्टँडवर आली. ती नुसती सावळीरामच्या शर्टाची बटणं बघत राहिली. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "सहादू, तू थोरला हायेस. त्याच्याकडं बघ." मी म्हणालो, "बघतो की." सोपं होतं म्हणायला.

आमचा कॅम्प समुद्रकाठी होता, सब्राता नावाच्या गावाच्या बाहेर. घरांच्या रांगाच्या रांगा बांधायचं काम. तीन दिशांना सपाट माळ, एका बाजूला निळं पाणी, आणि वारा सुटला की डोळ्यांत वाळू. पहिल्याच दिवशी सावळीरामनं सवयीनं वाळू जिभेला लावली आणि तोंड वाकडं केलं. "आईनं अख्खी गाडी माघारी पाठवली असती," तो म्हणाला. समुद्राचीच वाळू ती. आधी टाक्यात गोड्या पाण्यानं धुवायची, मग वापरायची. आम्हाला आंघोळीला अर्धी बादली आणि वाळूला टँकर, यावर आम्ही महिनाभर हसलो. त्यानं घरी लिहिलं सुद्धा, की आई, इथली वाळू मिठासारखी खारट आहे. वसाहतीत कारभारी आडनावाचे नगरपालिकेतले एक क्लार्क होते, ते मावशीला पत्रं वाचून दाखवायचे.

सुट्टी शुक्रवारची. कॅम्पात पत्ते कुटून कंटाळलो तेव्हा एका शुक्रवारी आम्ही दोघं समुद्राच्या कडेकडेनं चालत निघालो. तासाभरानं लांबून खांब दिसले. नुसतेच उभे, वर छप्पर नाही. मला वाटलं, कुणीतरी काम अर्धवट टाकून पळालेलं दिसतंय. जवळ गेलो तर दगडाचं गावच होतं. फरसबंदी रस्ते, त्यांवर गाडीच्या चाकांच्या खोल चाकोऱ्या, दुकानांचे उंबरे, हौद. एका ठिकाणी दगडी बाकाला ओळीनं भोकं पाडलेली. हे काय असावं म्हणून आम्ही पुष्कळ डोकं चालवलं आणि कळलं तेव्हा सावळीराम पोट धरून हसत त्यावर बसलाच. दोन हजार वर्षांपूर्वीचे संडास! शेजारी शेजारी, मध्ये भिंतसुद्धा नाही. "गप्पा मारत बसत असतील," तो म्हणाला.

पुढं नाट्यगृह होतं. अर्धगोल पायऱ्या आणि समोर तीन मजले खांबांचे, आणि खांबांच्या फटींतून समुद्र. सावळीरामनं खिशातून थापी काढली. ती तो सुट्टीच्या दिवशीही सोडत नसे. तिची कड एका दगडी भिंतीच्या सांध्यात घालून पाहिली. जाईना. दुसरीकडं पाहिली. तिथंही जाईना.

"चुना नाय, सिमिट नाय," तो म्हणाला. "ह्यांनी बसवलं कसं रं?"

"आपल्यापेक्षा बरे गवंडी असतील."

"तुझ्यापेक्षा," तो म्हणाला आणि हसला.

परत फिरताना एक पुतळा सापडला. एका चौकात, दगडी चौथऱ्यावर. डोकं तुटलेलं, हातही तुटलेला, पण अंगावरचं वस्त्र पाहिलं आणि सावळीरामनं चपला काढल्या. डाव्या खांद्यावरून आलेलं, चुण्याचुण्यांनी पायापर्यंत उतरलेलं ते वस्त्र, हुबेहूब भिक्खूंचं चीवर. पुतळ्याचे पाय बुद्धासारखे अनवाणी आहेत की नाहीत एवढंही त्यानं बघितलं नाही.

"सहादू," तो हळूच म्हणाला, "बुद्ध हायेत."

"अरे, डोकं कुठंय त्याला?"

"आपल्या लेण्यातल्या मूर्तींना तरी सगळ्यांना कुठंय?"

तो गुडघे टेकून बसला, पंचशील म्हटलं, आणि मीही शेजारी बसून म्हटलं, कारण एकटा उभा राहिलो असतो तर फारच मूर्ख दिसलो असतो. पण खरं सांगतो, परमुलखात, त्या वाऱ्यात, ते शब्द आपल्याच तोंडून ऐकून मला रडू आलं होतं.

पुढच्या शुक्रवारी त्यानं केरळच्या एका कामगाराचा कॅमेरा मागून घेतला. पुतळ्याशेजारी हात जोडून उभ्या सावळीरामचा रंगीत फोटो नाशकाला गेला. पत्रात लिहिलं होतं, 'आई, समुद्रापलीकडं पण आपले भगवान आहेत. दर शुक्रवारी वंदनेला जातो. काळजी करू नको.' कारभाऱ्यांनी ते पत्र विहारात सगळ्यांसमोर वाचलं. मावशीनं फोटोला काच बसवून घेतली आणि बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी लावला. वसाहतीतली माणसं बघायला यायची, ती त्यांना चहा करायची.

महिना-दोन महिन्यांनी खरं काय ते कळलं. तिथं एक म्हातारा पहारेकरी होता. आम्हाला हात जोडून बसलेलं तो दर वेळी पाहायचा. एका शुक्रवारी न राहवून तो जवळ आला, पुतळ्याकडं बोट दाखवून "रूमी, रूमी," म्हणाला. म्हणजे रोमचा. मग त्यानं बोटांनी पैसे मोजून दाखवले, लांबच्या टेकड्यांकडं हात केला, तिथून बोटानं जमिनीवर रेघ ओढत पुतळ्याच्या पायथ्याच्या हौदापर्यंत आणली आणि ओंजळीनं पाणी पिऊन दाखवलं. हा बुद्धबिद्ध कुणी नव्हता. गावात पाणी आणणारा कुणी रोमन सावकार होता आणि गावानं त्याचा पुतळा उभा केला होता.

मला हसू आवरेना. इतके शुक्रवार आपण एका सावकाराला वंदन करतोय! सावळीराम मात्र हौदाच्या काठावर हात ठेवून उभा राहिला.

"सगळ्यांसाठी आणलं असंल का पाणी?" त्यानं विचारलं.

"मला काय माहीत? चौकात हौद आहे म्हणजे सगळ्यांसाठीच असेल."

"मग माणूस चांगला व्हता. वंदना वाया नाय गेली." थोडं चालून गेल्यावर तो थांबला. "आईला नको कळू देऊ हां. तिनं हार घातला असंल."

मी शब्द दिला. तो एक शब्द मी पाळला.

ब्याऐंशीच्या मार्चमध्ये वाऱ्याच्या दिवशी तो परांचीवरून पडला. दुसऱ्या मजल्यावर बाहेरच्या बाजूनं काम चाललं होतं आणि मी आत होतो. ओरडा ऐकून खाली धावलो तोवर त्याला गाडीत घातलं होतं. त्याचे फक्त पाय दिसले. त्रिपोलीच्या दवाखान्यात तो दोन दिवस होता. भेटायला जायला परवानगी मागावी लागायची आणि मी उद्या मागू, उद्या मागू करत राहिलो. तिसऱ्या दिवशी सकाळी कॅम्पचा कारकून बराकीत आला आणि म्हणाला, तो गेला. प्रेत भारतात पाठवायला महिनोन्‌महिने लागतात, इथंच दफन करणार आहेत, दोघांनी सोबत चला.

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी त्याचा गाववाला. मीच उठायला हवं होतं.

पण कॅम्पात एक बोलवा होती, की असल्या कामाला जो जातो त्याला पोलीस ठाण्यात कागदावर सही करावी लागते, मग साक्षीसाठी पासपोर्ट अडकतो आणि माणूस वर्षानुवर्षं सुटत नाही. खरं होतं की खोटं, मला आजही ठाऊक नाही. मी कपाळावर हात ठेवला आणि म्हणालो, मला ताप आहे. दोन केरळचे कामगार उठले. त्यांची आणि सावळीरामची ओळख कॅमेऱ्यापुरती.

संध्याकाळी ते परत आले. गावाबाहेर कुठलंसं कबरस्तान आहे म्हणाले, पाटीवर नंबर घातलाय म्हणाले. मी नंबर विचारला नाही. आठवड्यात त्यांची दुसऱ्या कामावर बदली झाली आणि विचारायलाही कुणी उरलं नाही.

पुढच्या शुक्रवारी मी कबरस्तान शोधायचं सोडून पुतळ्याकडंच गेलो. हौदाच्या काठावर बसून मावशीला पत्र लिहिलं. 'सावळीरामला बुद्धाच्या पायाशी ठेवला. मी स्वतः माती दिली.' आपल्यात शेवटची मूठभर माती जवळच्या माणसानं द्यायची असते. ती दिली की माणूस एकटा गेला असं होत नाही. मी लिहिलं आणि त्या दगडी रोमनाकडं पाहिलं. डोकं नव्हतं ते एक बरं होतं.

कारभाऱ्यांच्या अक्षरात उत्तर आलं. मावशीनं एवढंच मागितलं होतं, की येताना त्याच्या अंगावरची मूठभर माती घेऊन ये.

नोव्हेंबरात मुदत संपली आणि मी परतलो. पंचवटीत उतरलो, हातात बॅग, आणि समोर कुणाच्या तरी नव्या घराचा वाळूचा ढीग. तेव्हा माती आठवली. बॅगेतला पावडरचा रिकामा डबा काढला, भरला आणि तसाच तिच्या दारात गेलो. तिनं डबा दोन्ही हातांनी घेतला, पदरात धरला. विचारलं, "माती दिलीस ना रं?"

"दिली."

"दोन्ही हातांनी?"

"दोन्ही हातांनी, मावशी."

डबा फोटोखाली गेला. पुढची पाच वर्षं दर पौर्णिमेला ती त्याच्यापुढं फुलं ठेवायची आणि खिरीची पहिली वाटी माझ्या घरी पाठवायची. ती खीर मी कशी गिळली ते माझं मला माहीत. तिच्या गल्लीतून जायचं मी सोडलं. माझी बायको चांगुणा म्हणायची, दोस्ताच्या आईला तोंडसुद्धा दाखवत नाहीस, कसला रे तू? मी तिच्यावर खेकसायचो.

सत्त्याऐंशी साली वसाहतीत पत्र्याच्या विहाराच्या जागी पक्कं विहार बांधायचं ठरलं. कारभारी कमिटीचे सेक्रेटरी, मिस्त्री मी. बुद्धमूर्ती बसायची त्या चौथऱ्याचा पाया खणून तयार होता. माणसं जेवायला घरी गेली होती आणि मी खड्ड्यात उतरून खोली मापत होतो, तेव्हा मावशी आली. खूप वाकली होती. हातात तो डबा.

"हे भगवानाच्या पायात घाल," ती म्हणाली.

मी डबा घेतला. बरं झालं, मला वाटलं, सिमेंटमध्ये गेला की सुटलो एकदाचा. झाकण काढून ओतणार, तोच ती म्हणाली, "आधी चाळून घे. गंगेच्या वाळूत शिंपले असत्यात."

आमच्याकडं गोदावरीला गंगाच म्हणतात. माझे हात तसेच राहिले.

"तू डबा दिलास ना, त्याच दिवशी जिभेला लावली," ती खड्ड्याच्या काठावर बसत म्हणाली. "सावळ्यानं लिवलं व्हतं, तिथली वाळू मिठावानी खारट हाय. म्हनलं, पोराच्या अंगावरची हाय, चव घिऊ. खारट नाय लागली. लय रडले, सहादू. तो गेल्याचं कळलं तवाबी येवढी रडले नव्हते."

"मग मला बोलली का नाहीस?"

"काय बोलू? माती आनू देत नसतील इमानातून. तुला मला नाय म्हनवलं नसंल. म्हनलं जाऊ दे. वाळू खोटी तर खोटी. पोराला माती तर दिली ना ह्यानं, तेवढं पुरं हाय मला." तिनं मान वर केली. "दिलीस ना रं?"

पाच वर्षं ज्या प्रश्नाला भिऊन मी गल्ली बदलत होतो तो परत समोर आला होता. अजून एकदा हो म्हटलं असतं तर ती उठून गेली असती. पण एक खोटं तिनं पाच वर्षं ओळखून सांभाळलं होतं, माझ्यासाठी. तिला दुसरं देववेना.

"नाही, मावशी," मी म्हणालो. "मी गेलोच नाही."

मग सगळं सांगितलं. दवाखाना, कारकून, ताप, नंबराची पाटी. बोलताना मी खड्ड्याच्या तळाकडं बघत होतो. मला वाटलं ती ओरडेल, थोबाडीत मारेल. मारली असती तर बरं झालं असतं.

"बुद्धाजवळ नाय तो?"

"नाही."

"कुठं हाय?"

"माहीत नाही मला."

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत आणि सोडत राहिली. मग म्हणाली, "भ्याला व्हतास?"

"हो."

"त्यो बी भ्याला असंल," ती म्हणाली. "दोन दिस."

मी खड्ड्यातच खाली बसलो आणि लहान पोरासारखा रडलो. तिनं मला गप्प केलं नाही. तिनं का करावं?

"फोटूतला भगवान?" थोड्या वेळानं तिनं विचारलं. "त्यो तरी त्यानं पाह्यला व्हता ना? का त्येबी..."

"पाहिला होता," मी म्हणालो. "चपला काढून, गुडघे टेकून बसला होता." यात खोटं काही नव्हतं. सावळीरामनं पाहिला होता. पुढचं तिला सांगायचं नाही असा मी त्याला शब्द दिला होता.

तिनं मान हलवली. मग एक हात जमिनीवर टेकून ती उठली आणि खड्ड्यात उतरायला लागली. मी हात दिला तो तिनं धरला. खाली उतरून तिनं डबा माझ्या हातातून काढून घेतला आणि म्हणाली, "हात पुढं कर."

मी केले. तिनं माझ्या ओंजळीत वाळू ओतली.

"मग आता दे."

"मावशी, इथं तो नाही."

"तिथं कुठं हाय ते तुला ठाव नाय, मला ठाव नाय. पाच वर्सं पोरगं तसंच पडलंय. दे."

बाहेर जेवून परतणाऱ्या माणसांचे आवाज यायला लागले होते. माझ्या बोटांच्या फटींतून वाळू गळायला लागली तशी तिनं आपले दोन्ही हात माझ्या हातांखाली धरले. घमेली उचलून उचलून दगड झालेले हात.

"नाव घे त्याचं," ती म्हणाली.

"सावळीराम," मी म्हणालो, आणि ओंजळ सोडली.